डब्यातला चेंडू

दारं बनवायच्या कारखान्यात मापं घेणाऱ्या माणसाला दिवसभर काही ना काही ठरवावं लागतं. दार किती उंच, किती रुंद, आत उघडायचं की बाहेर, बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे. बघूकाका अर्धं आयुष्य हेच काम करत आले होते आणि यातलं एकही त्यांनी स्वतः ठरवलं नव्हतं. गिऱ्हाइकाने विचारलं, "काय हो, दार आत उघडलेलं बरं की बाहेर?" की काका टेप गुंडाळत म्हणायचे, "बघू." गिऱ्हाईक थोडा वेळ वाट बघायचं, वैतागायचं आणि शेवटी आपलं आपणच ठरवायचं. काका ते लिहून घ्यायचे आणि दार बरोब्बर बसायचं. त्यामुळे अनुभवी माणूस अशी त्यांची ख्याती झाली होती. खरं नाव लग्नात एकदा आणि लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर एकदा वापरून झालं होतं, बाकी सगळीकडे ते बघूच होते.

'बघू' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात होकार नाही, नकार नाही, उद्याचा वायदासुद्धा नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस विचार करतोय. विचारबिचार काही चाललेला नसतो, घोंगडं भिजत ठेवलेलं असतं एवढंच.

तर अशा सुरळीत चाललेल्या कारखान्यात मालकीणबाई कसलंसं प्रशिक्षण घेऊन परत आल्या. वडिलांमागे कारखाना त्यांच्या अंगावर पडला होता आणि त्या तो मनापासून चालवत होत्या, त्यामुळे वर्षातून एकदा कुठेतरी जाऊन शिकून यायच्या आणि मग महिनाभर सगळ्यांचे हाल व्हायचे. या वेळी त्या एक इंग्रजी म्हण शिकून आल्या. पुढची हालचाल ज्याने करायची, त्याच्या कोर्टात चेंडू आहे असं म्हणायचं. वर्तमानपत्रवाले रोज कुणा ना कुणाच्या कोर्टात चेंडू टाकतच असतात, त्यामुळे म्हण सगळ्यांना ऐकून माहीत होती. पण बाई नुसत्या म्हणीवर थांबल्या नाहीत. त्यांनी पर्समधून खराखुरा चेंडू काढला. टेनिसचा, पोपटी रंगाचा, लव असलेला.

त्यांनी नियम सांगितले. ज्याच्यामुळे काम अडलंय त्याच्यापुढे चेंडू. त्याने संध्याकाळच्या आत उत्तर द्यायचं. उत्तर दिल्याशिवाय चेंडू पुढे सरकवायचा नाही.

कानावर पेन्सिल अडकवून उभे असलेले मिस्त्री, म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने सुतार, यांनी एक शंका काढली. टेनिसमध्ये चेंडू आपल्याकडे आला की आपण तो जिवाच्या आकांताने समोरच्याकडे परत मारतो, ठेवून घेतला तर हरतो. मग या म्हणीत चेंडू आपल्याकडे असणं चांगलं कसं? बाई म्हणाल्या, म्हणीचा इतका कीस काढायचा नसतो. पण शंका बरोबर होती. शिवाय आणखी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, ती मी सांगतो. ही म्हण वापरणारा दर वेळी 'तुमच्या' कोर्टात, नाहीतर 'त्यांच्या' कोर्टात म्हणतो. 'माझ्या' कोर्टात म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. टोलवाटोलवी पूर्वीही चालायची, आता तिला साधन मिळालं. पॉलिशवाल्याने चेंडू भुशाच्या पोत्यात दडवला. गोदाम सांभाळणाऱ्या बाईंनी तो संडासाच्या खिडकीत ठेवला आणि तिथून तो कुणालातरी सापडला की त्या त्याच्या नावाने शंख करायच्या. दोन तपकिरी रंगांतला कुठला, हे ज्यांना ठरवता येत नव्हतं अशा एका गिऱ्हाईकबाईंना तर पॉलिशवाल्याने चेंडू चक्क घरी देऊन टाकला. त्यांच्या कुत्र्याने तो आपलासा केला.

चेंडू गेला, पण सवय राहिली. कुणी काही विचारलं की समोरचा दोन्ही हात रिकामे करून दाखवायचा. चेंडू माझ्याकडे नाही, मला काय विचारता? बघूकाकांच्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते. सगळा कारखानाच बघू झाला होता.

सुख होतं ते कारखान्यात. घरी वेगळीच परिस्थिती होती.

काकांची लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिचं मिस्त्रींच्या मुलाशी जमलं होतं. मुलगा कानाची यंत्रं दुरुस्त करायचा, शांत होता, आणि अगदी लहान असताना बापाचा डबा घेऊन कारखान्यात यायचा तेव्हापासून काकांचा लाडका होता. मिस्त्रींनाही मुलगी पसंत होती. हे काकांना माहीत होतं, मिस्त्रींना माहीत होतं, आणि समोरच्याला माहीत आहे हेही दोघांना माहीत होतं. दोघं रोज दुपारी एकाच फळीवर शेजारी बसून जेवायचे, एकमेकांच्या डब्यातली भाजी घ्यायचे, हवेपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलायचे, आणि याविषयी मात्र दोघं गुळणी धरून बसायचे.

काकूंनी किती वेळा सांगितलं की तुम्ही विषय काढा. काका म्हणायचे, मुलाच्या बापाने आधी काढावा. तिकडे मिस्त्री आपल्या बायकोला सांगायचे, मुलीच्या बापाने आधी काढावा. ताकाला जाऊन भांडं लपवतात ते निदान ताकाला तरी जातात. हे दोघं घरीच भांडं घट्ट धरून बसले होते.

खरी गोष्ट वेगळी होती आणि काकांनी ती बायकोलाही सांगितली नव्हती. त्यांना भीती वाटायची. विचारलं आणि मिस्त्री नाही म्हणाले तर? मुलीचं लग्न तर राहीलच, पण दुपारची ती फळीसुद्धा जाईल. इतक्या वर्षांत त्यांना दुसरा मित्र झाला नव्हता. विचारलंच नाही तर नकारही येत नाही, हा त्यांचा हिशोब होता आणि आजवर तो कधी चुकला नव्हता.

एका संध्याकाळी लेकीने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. मुलाला दुसऱ्या गावी चांगलं काम मिळालं होतं, महिनाअखेर निघायचं होतं, तिलाही तिथल्या लॅबमध्ये जागा होती.

"बाबा, मिस्त्रीकाकांशी बोलणार आहात का तुम्ही?"

"बघू."

"तुम्ही दोघं बोललात तर आम्ही तुमच्यासमोर लग्नाच्या सह्या करू. नाही बोललात तर तुमच्या माघारी करू. पण करू." ती इतकं बोलून जायला निघाली आणि दारात थांबली. "मला चोरासारखं जायचं नाहीये, बाबा. हे तुम्ही बघा."

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फळीवर बसल्यावर ते गुडघ्याविषयीच बोलले.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचं ते दार आलं. दवाखान्यातल्या सामानाच्या खोलीचं साधं दार, त्याला आतल्या बाजूने आडव्या बसवायच्या लांब पट्टीच्या बिजागऱ्या. त्या डावीकडे हव्यात की उजवीकडे, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि काकांनी विचारलं नव्हतं. चेंडू नसल्यामुळे दार तसंच भिंतीला टेकून उभं राहिलं. तेव्हा बाईंनी नवा चेंडू आणला आणि स्वतः येऊन बघूकाकांच्या टेबलावर ठेवला. नेमक्या त्याच सकाळी त्या गिऱ्हाईकबाई जुना चेंडू परत घेऊन आल्या. त्याला दातांच्या खुणा होत्या आणि सोबत निरोप होता की पहिलाच रंग बरा. गोदामवाल्या बाईंनी तो हातात येताच निखारा आल्यासारखा मिस्त्रींपुढे टाकला आणि म्हणाल्या, दवाखान्याच्या दाराचं बघा.

म्हणजे एकाच दाराचे दोन चेंडू झाले आणि हे कुणालाच कळलं नाही.

मिस्त्रींचा एक घाव दोन तुकडे असा कारभार. त्यांनी डावीकडे बिजागऱ्या ठोकल्या आणि चहाला गेले. इकडे मालकीणबाई काकांच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. काका दोनदा 'बघू' म्हणाले, तिसऱ्यांदा बाईंनी घड्याळ दाखवलं, तेव्हा त्यांना घाम फुटला आणि त्यांनी उजवीकडे म्हणून टाकलं. का, तर बाई त्यांच्या उजवीकडे उभ्या होत्या. दुसऱ्या सुताराने काकांची तशी चिठ्ठी वाचून उजवीकडे बिजागऱ्या लावल्या. डावीकडच्या त्याला दिसत होत्या. पण चेंडू त्याच्याकडे नव्हता.

मग दार फिटरकडे गेलं. फिटर म्हणजे सांगितलेलं काम करणारा आणि न सांगितलेलं मरेपर्यंत न करणारा माणूस. दार दवाखान्यातल्या त्या खोलीत घेऊन तो आत गेला, चौकटीत बसवलं, डावीकडचे स्क्रू पिळले, उजवीकडचे स्क्रू पिळले, आणि मग बाहेर पडायला दार ओढलं.

दार कुठून उघडणार? ते आता भिंतच झालं होतं.

त्याने आतूनच कारखान्यात फोन लावला. मी आत आहे, एका बाजूच्या बिजागऱ्या काढायला हव्यात, तर कुठल्या काढू? पेचकस त्याच्या हातातच होता. पण विचारल्याशिवाय तो स्क्रूला हात लावायला तयार नव्हता. मिस्त्री म्हणाले उजवीकडच्या काढ, मी लावलेल्या बरोबर आहेत. काका, ज्यांनी जन्मात एकच निर्णय घेतला होता, ते इरेला पेटले. म्हणाले डावीकडच्या काढ. फोन या हातातून त्या हातात फिरत राहिला. मागून दातांच्या डॉक्टरांचा आवाज येत होता की कापूस आत आहे, औषधं आत आहेत, आणि खुर्चीत माणूस तोंड उघडून बसलाय. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, चेंडू तुमच्याकडे आहे, तुम्ही ठरवा. तेव्हा दोघांनी आपापल्या खिशातून चेंडू काढून दाखवला आणि बाई मटकन खाली बसल्या.

शेवटी निर्णय घेतला तो भुकेने. फिटरचा डबा बाहेर राहिला होता. दुपार टळून गेली, त्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले, आणि त्याने डावीकडचे स्क्रू काढून बाहेर येऊन जेवण केलं. डावीकडचेच का, असं विचारल्यावर म्हणाला, हाताशी होते.

बाईंनी दोन्ही चेंडू जप्त करून कपाटात टाकले. पण काका आणि मिस्त्रींमध्ये जे व्हायचं ते होऊन बसलं. मिस्त्री म्हणाले, मापं घेणाऱ्याने मापं घ्यावीत, बिजागऱ्यांत नाक खुपसू नये. काका म्हणाले, ठोकायच्या आधी विचारलं असतं तर जीभ झिजली असती का? भांडण बिजागऱ्यांचं नव्हतंच. पण ज्याचं होतं त्याविषयी बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस काय करणार, बिजागऱ्यांवर भांडतो. दुपारी दोघं त्याच फळीवर बसायला लागले, पण एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. मधे तीन माणसं बसतील एवढी जागा. कुणी कुणाच्या डब्यात हात घालेना.

महिनाअखेर जवळ आली. लेकीने पुन्हा काही विचारलं नाही. ती कपडे घड्या घालून बॅगेत भरत होती आणि काका बघत होते. तिने एकदा तरी चिडावं असं त्यांना वाटत होतं. तिचं ते शांतपणे घड्या घालणं त्यांना सहन होईना.

तिच्या सुट्टीच्या दिवशी डबा तिनेच भरून दिला.

दुपारी भोंगा झाला, करवत थांबली, काका फळीच्या या टोकाला येऊन बसले. डबा तीन खणांचा. वरचं झाकण काढलं आणि त्यांनी ते तसंच परत दाबून बसवलं. आत पोपटी रंगाचा कोरा चेंडू होता. त्यांनी हळूच झाकण पुन्हा उचललं, चेंडू बाजूला सारून खालचा खण पाहिला. रिकामा. त्याखालचाही रिकामा, धुऊन पुसून लख्ख.

काकांनी चोरून शेजारी पाहिलं. मिस्त्री आपल्या डब्यावर पंजा दाबून बसले होते आणि सरळ समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"जेवत नाहीस?" काकांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी ते बोलत होते.

"जेवतो की. तू?"

"मीपण."

कुणीच जेवेना. काकांच्या पोटात गुडगुड झाली, ती मिस्त्रींना ऐकू गेली. थोड्या वेळाने मिस्त्रींच्या पोटाने उत्तर दिलं. दोघं म्हातारे रिकामे डबे दाबून बसले होते, आणि पॉलिशवाला लांबून बघून विचार करत होता की यांनी आज उपास धरलाय की काय.

मिस्त्रींनी घाम पुसायला हात उचलला आणि नेमकं त्यांचं झाकण सुटलं. चेंडू बाहेर उडाला, फळीवर पडला आणि घरंगळत काकांकडे यायला लागला. फळीला त्या बाजूने उतार होता, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मिस्त्रींनी हात लांब केला, पण मधे तीन माणसांची जागा होती.

काकांनी चेंडू धरला. आता तो परत लोटून देता आला असता. त्या कारखान्यात आजवर प्रत्येकाने तेच केलं होतं. पण काकांच्या डोळ्यांसमोर तो फिटर आला. हातात पेचकस घेऊन बंद दाराआड बसलेला, आणि कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघणारा. तो माणूस मूर्ख आहे असं त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने काकाच म्हणाले होते. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यांनी मिस्त्रींचा चेंडू आपल्या डब्याच्या मधल्या खणात ठेवला आणि खण बंद केला.

"दोन्ही माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "तुझा मुलगा मला पहिल्यापासून आवडतो. माझ्या मुलीसाठी मी तुझ्याकडे त्याला मागतोय. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण आज म्हण."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, दुसऱ्या कानावर अडकवली, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बघू."

आयुष्यभर हा शब्द काकांनी वाटला होता, पण आपल्याला कुणी दिलेला तो पहिलाच. पायाखाली जिना आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी तसं झालं. लेकीला तो किती वेळा ऐकावा लागला होता, हे त्यांना आठवायला लागलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"कसं वाटतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"वाईट वाटतं रे."

"माझा पोरगा रोज हेच ऐकतोय माझ्याकडून. तुझाच शब्द उसना नेला होता मी घरी." मिस्त्री फळीवरून सरकत सरकत मधली सगळी जागा ओलांडून शेजारी आले. "हो रे बाबा. एकदा नाही, दहादा हो. मला भीती वाटायची, तू नाही म्हणशील."

"मी कधी कुणाला नाही म्हटलंय?"

"नाही म्हणत नाहीस. पण हो तरी कधी म्हटलंस?"

मग मिस्त्रींनी आशेने विचारलं की तुझ्या खालच्या खणात काही आहे का, आणि काकांनी खण उघडून त्याचा लख्ख तळ दाखवला. मिस्त्रींनी आपला दाखवला. तेव्हा कुठे दोघांना हसू फुटलं, आणि इतकं फुटलं की पॉलिशवाला ब्रश टाकून धावत आला.

काकांनी लेकीला फोन लावला. जेवण कुठाय, हे त्यांचं पहिलं वाक्य.

जेवण मिस्त्रींच्या घरी होतं. सकाळपासून काकू तिकडेच गेल्या होत्या आणि दोघी आयांनी मिळून एका ओट्यावर सगळा स्वयंपाक केला होता. दोघींचं आपापसात कधीच ठरून गेलं होतं, त्यांना कुठल्या चेंडूची गरज पडली नव्हती.

"आणि आम्ही बोललोच नसतो तर?" काकांनी विचारलं.

"तर उपाशी राहिला असतात," लेक म्हणाली. "फिटरकाकांवरून सुचलं आम्हाला." मागे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. तिकडे सगळी जणं फोनभोवती उभी असणार. "बाबा, काही ठरलं का?"

तो शब्द सवयीने जिभेवर येऊन बसलाच होता. काकांनी तो गिळला.

"ठरलं," ते म्हणाले. "आम्ही निघालोय. पानं वाढायला घ्या."